दारातली फावडी

आमच्या उमेळ्याच्या खारीत, खाडीकाठच्या भातशेतीत, एक रीत होती. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खारं पाणी भातात शिरायला लागलं, की गावात हाक जायची. घरटी एक माणूस, फावडं घेऊन, बाहेर. घरात लग्न असो नाहीतर दुखणं असो, माणूस आलाच पाहिजे. जो आला नाही त्याला कोणी शिव्या द्यायचं नाही. काम संपलं की सगळ्यांची फावडी, चिखलाने भरलेली, न धुता, त्याच्या दारात नेऊन उभी करायची आणि मुकाट निघून यायचं. मग त्याने ती धुवायची आणि खांद्यावर घेऊन ज्याची त्याला परत करायची, साऱ्या गावासमोर. माझ्या बापाच्या दारात अशी फावडी कधी आली नाहीत. माझ्याही दारात येणार नाहीत, असं मी तरणा असताना छाती ठोकून सांगायचो.

मी चार यत्ता शिकलेला माणूस. जे लिहितो ते बोलतो तसंच लिहितो, आणि ज्याला आवडणार नाही त्याने वाचू नये.

नव्वद सालानंतर आमची खार गेली. भातं गेली, केळीच्या वाड्या गेल्या, त्यांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या. बांधच राहिले नाहीत तर खांड कुठून पडणार आणि हाक कोण देणार? माझं फावडं पडवीत गंजायला लागलं. फावडं गंजलं की माणूस गंजायला वेळ लागत नाही. म्हणून मी डोंगर धरला.

डोंगर म्हणजे आमचा तुंगारेश्वरचा. खाडीपलीकडे बोरिवलीच्या अंगाला राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचा हा धाकटा भाऊ. थोरल्याचं नाव साऱ्या जगात, धाकट्याला कोणी विचारत नव्हतं. शिवरात्रीला मात्र झाडून सगळी वसई तिथे लोटायची. महादेवाला बेल वाहायचा आणि झाडाखाली पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या टाकून घरी जायचं. एका शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी गोणपाट घेऊन एकटाच वर गेलो आणि भरेल तेवढं भरून खाली आणलं. नाक्यावर चहाच्या टपरीवर लोक हसले.

"बघा रे, खारीचा खेकडा डोंगराला चढला!"

मी म्हटलं, "खेकडा चढला तर चढला. नांगी लागंल तेव्हा कळंल."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. हट्टाचं एक बरं असतं. माणसं आधी हसतात, मग कंटाळतात, आणि मग त्यातली काही मागून चालायला लागतात. पहिला आला तो माझा दोस्त, पाचूबंदरचा तांडेल. आयुष्यभर बोट चालवलेला. बोट आता पोरांच्या हातात गेली होती.

"समुद्रात आता माजं कोन ऐकत नाय," तो म्हणाला, "डोंगरात तरी ऐकतील."

"इथं पन माझंच ऐकायचं," मी सांगितलं.

"मग मी चाललो घरी," म्हणाला, आणि गोणपाट माझ्या हातातून ओढून पुढे चालू लागला.

हळूहळू गावातली दहा-बारा माणसं आली, बाया आल्या, मग बिल्डिंगीतली पण आली. कचरा वेचायचा, पावसात पायवाट वाहून जाऊ नये म्हणून चर काढायचे, आणि माघ-फाल्गुनात जाळरेषा काढायची, म्हणजे सुकलेल्या गवताचा पट्टा साफ करून ठेवायचा. कोणाची विडी पडली तरी आग पट्टा ओलांडून पुढे जात नाही. वनखात्याचा गार्ड बरोबर असायचा. पोरगेलासा, पण डोंगरावर जीव असलेला माणूस. आमच्या गटाला नाव नव्हतं. लोक 'रविवारवाले' म्हणायचे.

आता बँकेतल्या माणसाची गोष्ट सांगतो. हा साताऱ्याकडचा. उमेळ्याच्या नव्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहिलेला. बोलायला गोड. "काका, रविवारी नक्की येतो," म्हणाला आणि आला नाही. पावसाचे दिवस होते, आम्ही चर काढून चिखलाने माखलेले. परत येताना मी म्हटलं, चला. सगळ्यांची फावडी घेतली, बिल्डिंगीचा जिना चढलो आणि त्याच्या दाराला ओळीने टेकवून ठेवली. जिनाभर चिखल. सोसायटीचा सेक्रेटरी ओरडत बाहेर आला. मी म्हटलं, "आमची रीत हाय," आणि खाली उतरलो.

पुढच्या रविवारी पाहतो तर हा आमच्याही आधी बस स्टॉपवर हजर. सगळी फावडी धुतलेली, घासलेली, वरून खोबरेल लावलेली. ज्याचं दांडकं हलत होतं त्याला पाचर पण मारून आणलेली.

"काका, खरंच बरं वाटलं," म्हणाला. "मी नवा माणूस, तरी तुम्ही सगळी अवजारं माझ्याकडे सांभाळायला ठेवलीत. एवढा विश्वास कोण टाकतं हल्ली?"

तांडेल तोंडाला पंचा लावून झाडामागे गेला. परत आल्यावर माझ्या कानात म्हणाला, "याला शिक्षा दिली तर हा गळ्यात हार घालून घेतो. याचं काय करायचं?"

काही करायला लागलं नाही. त्या दिवसापासून त्याने एक रविवार चुकवला नाही. फावड्यांचा खरा अर्थ त्याला पुढे कधीतरी बायांनी सांगितला. तेव्हा तो लाजला, पण म्हणाला, माझाच अर्थ बरोबर होता.

एका वर्षी चैत्रातच डोंगर करपला. वर ओढ्यात एक डोह आहे, उंबराच्या मुळाशी. तिथे जनावरं पाण्याला येतात. तो डोह आटून त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, चिखलाच्या खपल्या हातात घेतल्या तर मडक्याच्या खापरांसारख्या वाजत होत्या. त्या रविवारी आम्ही खाली उतरत होतो, तर हायवेच्या अलीकडे, कारखान्यांच्या गाळ्यांच्या मागे, कुत्र्यांचा गलका ऐकू आला. पाण्यासाठी खाली आलेलं भेकर. हरणातलंच, पण लहान, लालसर, आणि कुत्र्यासारखं भुंकतं. आम्ही पोचेपर्यंत कुत्र्यांनी त्याला फाडलं होतं. त्याचे डोळे उघडे होते. गाळ्यातली माणसं दारात उभी राहून बघत होती. एक जण म्हणाला, दर उन्हाळ्यात एखादं येतंच.

मी गार्डला म्हटलं, "पुढच्या वैशाखात त्या डोहात पानी असंल. नसंल, तर मी परत डोंगरात पाय ठेवनार नाय. हा माझा शब्द."

तांडेल म्हणाला, "अरे, जरा दमानं घे, असं नको बोलू."

मी म्हटलं, "बोललो."

गार्डने ते वर जाऊन सांगितलं. वनखात्याचे मोठे साहेब नवीन आले होते. त्यांचा अशा गटांवर विश्वास नव्हता. लोक येतात, जंगलात हिंडतात, फोटो काढतात आणि विसरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गार्डकडे निरोप दिला: बांधू दे त्यांना बंधारा. वैशाखात मी स्वतः येऊन बघेन. पाणी असलं तर काम चालू, नसलं तर रविवारवाल्यांचं जंगलात येणं बंद.

म्हणजे एकट्या माझ्या पायाचा प्रश्न राहिला नाही. सगळ्यांच्या पायाचा झाला. बाकीच्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. कोणी दिला नाही. बँकवाला एवढंच म्हणाला, "काका, कधी सुरू करायचं?"

पाऊस ओसरला, ओढ्याचा जोर कमी झाला आणि मी गावात हाक दिली. किती वर्षांनी माझ्या तोंडून ती हाक निघाली! घरटी एक माणूस. बिल्डिंगीत जाऊन सांगितलं, फ्लॅटटी एक माणूस. आमचे खारीतले म्हातारे, ज्यांना लोक आता जिना चढायला हात देत होते, ते फावडी घेऊन आले. दगड लावताना त्यांचे हात असे चालले की बघत राहावं. कोणी कोणाला सांगत नव्हतं. ज्याची जागा त्याला ठाऊक. दोन रविवारांत छातीएवढा बांध उभा राहिला. एका अंगाला दगडाची रचाई, दुसऱ्या अंगाला चोपलेली माती.

बँकवाला बराच वेळ बघत उभा होता. मग हळूच म्हणाला, "काका, दगड या बाजूला का लावलेत?"

"दगड नेहमी समुद्राच्या अंगाला," मी म्हटलं. "मार समुद्राकडून येतो."

"पण इथे समुद्र कुठे आहे?"

मी पश्चिमेला हात केला. तिथून खाली, झाडांच्या फटीतून, खाडी चमकताना दिसते. "तो काय. डोळे नायत का तुला?"

"दिसतोय," तो म्हणाला, "पण काका, पाणी तर वरून, डोंगराकडून येणार ना?"

"माझ्या आज्याने बांध घातले," मी म्हटलं, "तुझ्या बँकेने किती घातले?"

एकाही म्हाताऱ्याला त्याचं बोलणं पटलं नाही. आमच्या हातांना पश्चिमच ठाऊक. जन्मभर आम्ही पाणी बाहेर ठेवायला बांध घातले. पाणी आत धरायला बांध घालायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर जाता जाता पाऊस पडून गेला. रविवारी वर गेलो तर डोह रिकामा. वरून आलेल्या पाण्याने मातीचं अंग चाटून चाटून खाल्लं होतं आणि मधोमध खांड पडली होती. दगडाचं अंग मात्र खांडीच्या दोन्ही बाजूंना छान उभं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तांडेलने खांडीतून अलीकडे-पलीकडे नीट पाहून घेतलं, मग गंभीर तोंड करून म्हणाला, "पन एक मानलं पायजे. समुद्राचं पानी एक थेंब आत येऊ दिलं नाय हां!"

असा हशा झाला की उंबरावरची माकडं पळाली. मी हसलो नाही. फावडं उचललं आणि घरी आलो.

बायको कोळंबी सोलत बसली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. बायांची तार आमच्या बसच्या आधी पोचते.

"बांध फुटला म्हनं."

"फुटला."

"उलटा घातला होता म्हनं."

"बांध उलटा-सुलटा नसतो. पानी उलटं आलं."

तिने सोललेली कोळंबी ताटलीत टाकली. म्हणाली, "मग पानी फिरवा. ते नसंल जमत तर बांध फिरवा. आनि ते पन नसंल जमत तर डोकं फिरवा, ते तुम्हांला जन्मात जमलं नाय, म्हनून आपला बांधच फिरवा."

मी जेवलो आणि झोपलो. सकाळी उठून सरळ पाचूबंदरला गेलो. जेट्टीवर मासळीचा लिलाव चालू होता. त्या गोंगाटात तांडेलला गाठलं आणि म्हटलं, "फाटकी जाळी दे. असतील तेवढी."

"कशाला? डोंगरात बोंबील लागलेत?"

"दगड भरून बांधायचेत. रविवारी बांध फिरवायचाय."

मी चुकलो, असं मी कोणाला म्हटलं नाही, आणि कोणी म्हणून घेतलंही नाही. रविवारी नुसतं सांगितलं, "बांध फिरवा," आणि सगळ्यांनी फावडी उचलली. बँकवाल्याने तोंडातून ब्र काढला नाही. त्याबद्दल तो माणूस मला कायमचा आवडला. मी असतो त्याच्या जागी तर वर्षभर ऐकवलं असतं.

या वेळी दगड डोंगराच्या अंगाला लावले. तांडेलने आणि त्याच्या वाड्यातल्या माणसांनी जुन्या जाळ्यांत दगड भरले आणि अशा गाठी मारल्या की हत्तीने ओढलं तरी सुटू नयेत. पोत्यांत माती भरून मागे रचली. आणि मी माझ्या खारीतलं एक शहाणपण त्यात घातलं. खारीच्या बांधाला उघाडी असते, फळीचं एक दार, जास्तीचं पाणी बाहेर सोडायला. तशी उघाडी या बांधाला ठेवली. पाणी वाढलं की फळी काढायची, कमी झालं की बसवायची. बांधावरून पाणी उडी मारून गेलं की बांध खचतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बँकवाला म्हणाला, "काका, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नसतं."

मी म्हटलं, "येईल. वय व्हायचंय अजून."

पौषात डोह काठोकाठ भरला होता. माघात उंबराची सावली त्यात नीट पडत होती. मग ऊन चढायला लागलं. फाल्गुनात इतर ओढे आटले. चैत्रात सागाची पानं गळून डोंगर उघडा पडला, आणि दर रविवारी पाणी काठापासून थोडं आत सरकलेलं दिसायचं. मी रविवारखेरीजही जायला लागलो. वसई रोडहून बस पकडायची, मग चालत वर. गुडघे बोलायचे, मी त्यांना बोलू द्यायचो. डोहाच्या काठी दगडावर बसून पाण्याकडे बघत राहायचो. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसा.

हे गेलं तर मला दुसरीकडे जायला जागा नव्हती. खार गेली होती, वाडी गेली होती. घरात बसून टीव्ही बघणं मला जमत नाही. मी ते कोणाला बोललो नाही. बायकोला कळलं असणार, कारण तिने त्या दिवसांत एकदाही टोमणा मारला नाही, आणि तीच मला जास्त भीतीची गोष्ट वाटली.

वैशाख आला. साहेब अमक्या रविवारी येणार, असा निरोप आला. आम्ही भल्या सकाळी वर गेलो. मी सगळ्यांच्या पुढे. शेवटच्या वळणावर मला पुढे जाववेना. तांडेल मागून म्हणाला, "चल की, का होकायंत्र लावू?" मी वळण घेतलं.

पाणी होतं! अंगणातल्या खळ्याएवढं, गुडघाभर, पण होतं. हिरवट, गार, त्यात उंबराची फळं पडलेली. आणि काठच्या ओल्या मातीत पावलंच पावलं. रानडुकरांची, मोरांची, भेकराचे ते बारीक टोकदार खूर. एका बाजूला गार्ड खाली बसला आणि हाताने खूण करून आम्हांला जवळ बोलावलं. बिबट्याचा पंजा. माझ्या तळव्याएवढा, ताजा, पाणी पिऊन शांतपणे निघून गेलेला. बाया हात जोडून उभ्या राहिल्या. बँकवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, धूळ गेली. मी म्हटलं, धूळ माझ्याही डोळ्यांत गेली.

साहेबांची वाट बघता बघता आम्ही डोहाच्या वरच्या टोकाला साचलेला गाळ काढून घेतला. दुपार झाली. साहेब आले नाहीत. गार्ड खाली जाऊन फोन करून आला आणि मान खाली घालून म्हणाला, "दुसरीकडे जावं लागलं त्यांना. पुढे कधीतरी येतील."

पुढे कधीतरी! पुढे कधीतरी पाणी राहिलं नाही तर? आज भरलेलं ताट आहे, ते आज बघायचं. माझं डोकं तापलं. मग एकदम थंड झालं, कारण मला आमची रीत आठवली.

"फावडी द्या सगळ्यांची," मी म्हटलं. "धुऊ नका."

बँकवाला घाबरला. "काका, नको. सरकारी दार आहे."

"दार दार असतं."

"गुन्हा दाखल करतील."

"फावडी ठेवली म्हनून? तुझ्या दारात ठेवली होती तेव्हा तू खोबरेल लावलंस."

तांडेल म्हणाला, "मी येतो. जेलात गेलो तर निदान रविवार तरी दोघं मिळून घालवू."

शेवटी सगळेच आले. साहेबांच्या कार्यालयाच्या पायरीवर आम्ही डोहाच्या गाळाने भरलेली फावडी ओळीने भिंतीला टेकवून उभी केली. चौकीदार बघत राहिला. "काय सांगू साहेबांना?" त्याने विचारलं.

"काही सांगू नका," मी म्हटलं, "ती फावडीच बोलतील."

तो आठवडा लांब गेला. घरी बायको म्हणाली, "आता बसा. पोलीस आले की मी भात जास्त टाकीन."

रविवारी आम्ही रिकाम्या हाताने डोंगराच्या पायथ्याशी जमलो. एकाकडेही अवजार नव्हतं. तेवढ्यात जीप आली. गार्ड उतरला, मग साहेब उतरले. उंच, चष्मेवाला, कोणाशी न हसणारा माणूस. त्यांनी जीपच्या मागचं फळकूट उघडलं आणि फावडी बाहेर काढली. गार्ड घ्यायला पुढे आला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. जमतील तेवढी स्वतःच्या खांद्यावर घेतली. धुतलेली होती. दांड्यांवरचा चिखलसुद्धा पुसलेला होता.

"ही रीत मला माझ्या गार्डने समजावली," ते म्हणाले. "ज्याचं त्याला द्यायचं ना? तुमचं कोणतं?"

मी माझं फावडं ओळखलं आणि घेतलं. एकेकाचं एकेकाला दिलं. मग आम्ही वर गेलो. डोहाशी त्यांनी बांधावरून हात फिरवला, जाळ्यांच्या गाठी ओढून बघितल्या, वाकून वाळलेल्या चिखलातला पंजा पाहिला. विचारलं, "ही फळी कशासाठी?" मी सांगितलं. तेवढ्यात वरच्या करवंदीच्या जाळीतून भेकर भुंकलं. एकदा, मग पुन्हा. आम्ही सगळे दगडासारखे उभे राहिलो. मला गाळ्यांच्या मागचं ते उघड्या डोळ्यांचं भेकर आठवलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी अजून वरच्या अंगाला एक बांध जमेल का?"

"जमेल," मी म्हटलं, "पन तुमच्या घरातून एक मानूस लागेल."

ते पहिल्यांदा हसले. "मीच येईन. परत फावडी धुवायची नाहीत मला."

आणि आले. पुढल्या वर्षी आम्ही वर आणखी एक बांध घातला, मग तिसरा. पुढे डोंगर अभयारण्य म्हणून जाहीर झाला, धाकट्या भावालाही नाव मिळालं, आणि नाक्यावरच्या टपरीवर आता 'खेकडा' म्हणणारं कोणी राहिलं नाही. उलट नवीन माणसाला ते सांगतात, ते बघ, बांधवाले आजोबा. दिवाळीनंतर हाक द्यायचं काम बँकवाल्याकडे गेलंय. बिल्डिंगीबिल्डिंगीत जाऊन तो ओरडतो, साताऱ्याच्या सुरात, पण हाक आमचीच.

एका वर्षी गुडघे इतके सुजले की मला उठवेना. रविवार होता. बायको म्हणाली, "एक दिवस न गेल्यानं डोंगर पडत नाय." मी पडून राहिलो. संध्याकाळी दाराबाहेर लोखंडाचा खळखळाट झाला आणि पावलं दूर गेली. कोणी हाक मारली नाही, कोणी काही बोललं नाही.

मी काठी घेऊन दारात आलो. ओळीने टेकवलेली फावडी. डोहाच्या गाळाने भरलेली, ओली.

बायको मागून बघत होती. तिला वाटलं असेल मी चिडेन. मी तिला म्हटलं, "पानी आन. आनि खोबरेल कुठं हाय?"

पायरीवर बसून एकेक फावडं घासलं. शेवटचं माझ्या बापाच्या वेळचं, ज्याचा दांडा मी दोनदा बदललाय, तेही त्यांनी पडवीतून नेऊन, वापरून, त्या रांगेत ठेवलं होतं. पुढच्या रविवारी, गुडघे बांधून, ती सगळी खांद्यावर घेतली आणि बँकवाल्याच्या दुसऱ्या मजल्यापासून वाटायला सुरुवात केली.